प्रत्येक डागाला कारण हवं

मॉडेल रणगाडा जोडून, रंगवून झाला की पुढच्या टप्प्यावर बहुतेक जण अडखळतात. काही जण हिरवा रंग देऊन थांबतात. त्यांचा रणगाडा नेटका असतो, पण कारखान्याच्या फाटकाबाहेर कधी पडलाच नाही असा वाटतो. काही जण शिकलेलं प्रत्येक तंत्र एकाच रणगाड्यावर वापरतात: टरेटवर (वरच्या फिरत्या बुरुजावर) गंज, हलवर (खालच्या धडावर) चिखल, प्रत्येक कडेला ओरखडे, वरून धुळीचा थर. हा रणगाडा कुठल्याच ठिकाणचा राहत नाही. दोन्ही ठिकाणी चूक एकच होते. या रणगाड्याचं काय झालं, हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

मळवण्याची, म्हणजे वेदरिंगची, सगळी तंत्रं सोपी आहेत. स्पंज, जुना ब्रश आणि दोन-चार ट्यूब ऑइल कलर एवढ्यावर ती शिकता येतात. अवघड असतं ते ठरवणं: डाग कुठे, किती, आणि कशामुळे. म्हणून या लेखात एक खरा रणगाडा धरून किट निवडण्यापासून शेवटच्या चिखलापर्यंत सगळं पाहू.

आधी रणगाडा, मग किट

आपला रणगाडा आहे 17 पूना हॉर्सचा सेंच्युरियन. जागा बसंतर नदीचा परिसर, पाकिस्तानी पंजाबातला शकरगड भाग. तारीख 16 डिसेंबर 1971. याच रेजिमेंटच्या सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी त्या दिवशी ‘फामागुस्ता’ नावाच्या सेंच्युरियनमधून पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांशी झुंज दिली आणि वयाच्या 21 व्या वर्षी वीरमरण पत्करलं. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. तुम्ही थेट ‘फामागुस्ता’ करा किंवा त्याच तुकडीतला दुसरा रणगाडा करा, तारीख आणि जागा ठरल्या की अर्धे निर्णय आपोआप होतात.

सेंच्युरियन ब्रिटिश बनावटीचा, सुमारे 50 टनांचा रणगाडा. आत चार माणसं: कमांडर, गनर, लोडर आणि ड्रायव्हर. इंजिन रोल्स रॉइसच्या विमानी इंजिनावरून घडवलेलं मिटिऑर, पेट्रोलवर चालणारं. हल जाड पत्रे वेल्ड करून केलेला, टरेट मुख्यतः ओतीव. प्रत्येक बाजूला सहा रोड व्हील, त्यांना रबराच्या कडा. मागच्या दोन्ही मडगार्डांवर सायलेन्सर. यातली एकेक गोष्ट मळवताना उपयोगी पडणार आहे.

1/35 या मापात तैवानच्या एएफव्ही क्लब कंपनीने सेंच्युरियनची किट काढली आहेत. किट घेण्याआधी ज्या रणगाड्याचं मॉडेल करायचं त्याची छायाचित्रं जमवा. तोफेच्या नळीवर धूर शोषणारा फुगवटा आहे का, बाजूचे पातळ पत्रे लावलेले आहेत की काढलेले, सामानाच्या पेट्या कुठे आहेत, हे छायाचित्रावरूनच ठरतं. खोक्यावरच्या चित्रावर विसंबू नका, कारण एकाच किटमधून वेगवेगळ्या देशांचे सेंच्युरियन बनतात. ऑस्ट्रेलियाने व्हिएतनाममध्ये वापरलेल्या सेंच्युरियनचे बाजूचे पत्रे काढून टाकले होते, कारण त्यांच्यामागे चिखल आणि झाडोरा अडकत असे.

पाहायचं कुठे

अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम 1994 पासून आहे. मापं, वेल्डिंगचे सांधे, टरेटचा खडबडीत पोत, बोल्टांची डोकी हे सगळं तिथे हाताच्या अंतरावर पाहता येतं. रणगाड्याभोवती एक पूर्ण फेरी मारा आणि दर दोन पावलांवर एक छायाचित्र घ्या. मग वाकून चाकांच्या मागची बाजू टिपा, कारण पुस्तकांत ती फारशी सापडत नाही. ‘फामागुस्ता’सुद्धा दुरुस्त करून अहिल्यानगरलाच, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केलेला आहे.

मात्र मळवण्यासाठी संग्रहालयातला रणगाडा पाहू नका. त्याच्यावर वर्षानुवर्षं रंगाचे थर चढलेले असतात. झाकणं वेल्ड करून बंद केलेली असतात आणि दोरखंड, फावडी, ताडपत्री यांतलं काहीच जागेवर नसतं. त्याचा गंज उभ्या राहिलेल्या लोखंडाचा असतो. लढणाऱ्या रणगाड्यावर रोज माणसाचा हात फिरतो.

चालत्या यंत्राचं मळणं पाहायचं असेल तर रस्त्याच्या कामावरचा पोकलेन पाहा. पट्ट्याच्या ज्या कडा जमिनीला टेकतात त्या लख्ख असतात. त्यांच्या शेजारच्या खाचांत मात्र तांबूस तपकिरी रंग आणि वाळलेली माती असते. पट्टा फिरवणाऱ्या दात्यांची फक्त टोकं चमकतात. डिझेल भरायच्या तोंडाखाली काळसर ओघळ असतो आणि त्यावर धूळ चिकटून तो भाग जाड दिसतो. ऑपरेटर जिथे पाय ठेवून चढतो तेवढ्याच पायरीचा रंग उडालेला असतो, वीतभर अंतरावर तोच रंग शाबूत असतो. हे लक्षात घेऊन घरी या आणि मॉडेलकडे पाहा. सेंच्युरियनवर माणसं कुठून चढत असतील? ड्रायव्हर पुढे उजवीकडे बसतो, लोडर टरेटमध्ये डावीकडे. त्यांच्या झाकणांपर्यंतच्या वाटांच्या खुणा छायाचित्रावर पेन्सिलने करून ठेवा.

जोडणी

किटच्या फ्रेम कोमट पाण्यात थोडा साबण घालून धुऊन घ्या. साच्यातून काढताना लागलेला तेलकट थर राहिला तर रंग धरत नाही. भाग कापताना कटर दोनदा चालवा: आधी भागापासून लांब, मग उरलेला दांडा जवळून. उरलेला कंगोरा 400 नंबरच्या वॉटर पेपरने आणि शेवटी 1000 नंबरने घासा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा वॉटर पेपर पुरेसा असतो.

गोंद म्हणून पातळ, ब्रशने लावायचं प्लॅस्टिक सिमेंट घ्या. दोन भाग जुळवून धरा आणि सांध्याला ब्रशचं टोक टेकवा. सिमेंट स्वतःच आत ओढलं जातं. रोड व्हीलचे आर्म चिकटवल्यावर चाकं नुसती अडकवून हल काचेच्या तुकड्यावर ठेवा आणि सगळी चाकं काचेला टेकतात का ते सिमेंट ओलं असतानाच पाहा. अधांतरी राहिलेलं एक चाक 50 टनांचं वजन खोटं पाडतं. चाकांच्या रबरावर साच्याची रेघ असते, ती प्रत्येक चाकावरून काढायचीच. चाकं आणि पट्टे मात्र आत्ता कायमचे चिकटवू नका, रंग देऊन झाल्यावर बसवा.

टरेट ओतीव असल्यामुळे तो गुळगुळीत ठेवू नका. पुट्टीत थोडं पातळ सिमेंट मिसळा आणि जुन्या टूथब्रशने ठिपक्या-ठिपक्यांनी थोपटा. वाळल्यावर वरचे टोकदार उंचवटे वॉटर पेपरने हलकेच खाली आणा. हलचे पत्रे मात्र सपाटच राहू द्या. एवढ्या फरकाने दोन वेगळ्या पद्धतींनी बनलेलं पोलाद डोळ्याला कळतं. बाजूचे पत्रे लावणार असाल तर त्यांच्या कडा मागून खरवडून पातळ करा आणि एक-दोन ठिकाणी किंचित वाकवा. खऱ्या रणगाड्यावर ते झाडाला, बांधाला घासून वाकतातच.

रंग

आधी राखाडी प्रायमर. त्यात राहिलेले ओरखडे आणि फटी उघड्या पडतात, त्या आत्ताच दुरुस्त करा. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात लॅकरचा स्प्रे शक्यतो टाळा, कारण दमट हवेत तो पांढरट होतो. कोरडी दुपार पाहूनच फवारा. खिडकी उघडी ठेवा आणि चांगला मास्क लावा.

एअरब्रश असेल तर रंग दुधाइतका पातळ करा, दाब 15 ते 20 पीएसआय, अंतर 8 ते 10 सेंटिमीटर. पातळ थर, दोन थरांत वाळायला वेळ. एअरब्रश नसेल तर रुंद मऊ ब्रशने पातळ केलेला अॅक्रिलिक तीन-चार थरांत द्या. ऑलिव्ह ग्रीन डबीतून काढून तसाच वापरू नका. लहान वस्तूवर रंग गडद दिसतो, म्हणून त्यात थोडा पिवळसर मातकट रंग मिसळून तो उजळ करा. वर ऊन लागणारे पृष्ठभाग आणखी एक छटा उजळ घ्या. पुढचे वॉर्निश आणि वॉशचे थर रंग गडदच करत नेणार आहेत, हे लक्षात ठेवा.

डिकल, म्हणजे नाव आणि खुणांची छापील चित्रं, लावण्याआधी ग्लॉस वॉर्निश द्या. मॅट रंगावर डिकलखाली हवा अडकते आणि कडा चमकत राहतात. नाव आणि खुणा वाळल्या की त्यांवर पुन्हा वॉर्निशचा एक थर द्या. पुढच्या टर्पेंटाइनपासून हाच थर रंगाला वाचवणार आहे.

माप विसरू नका

इथे एक छोटा हिशेब करा. 1/35 मापात मॉडेलवरचा 1 मिलिमीटर म्हणजे खऱ्या रणगाड्यावरचे 35 मिलिमीटर. तुम्ही निष्काळजीपणे टेकवलेला मिलिमीटरभर ठिपका म्हणजे साडेतीन सेंटिमीटर रंग उडालेला चट्टा. चिखलात सापडलेला एक मिलिमीटरचा वाळूचा कण म्हणजे लिंबाएवढा दगड. मळवताना हात नेहमी मोठा पडतो, आणि हे गणित मनाशी असलं की तो आवरता येतो.

ओरखडे, वॉश, ओघळ

क्रम असा ठेवा: ओरखडे, वॉश, ओघळ, गंज, धूळ, चिखल, आणि शेवटी धातूची चमक. मळ ज्या क्रमाने चढतो साधारण तोच हा क्रम आहे.

ओरखड्यांना दोन रंग लागतात. मूळ हिरव्यापेक्षा थोडा उजळ हिरवा हा वरवरच्या खरचटण्यासाठी, आणि गडद तपकिरी हा पोलादापर्यंत गेलेल्या घावासाठी. स्पंजचा फाटका तुकडा चिमट्यात धरा, रंगात बुडवा, जवळजवळ सगळा रंग कागदावर टिपून टाका आणि मग मॉडेलवर हलके टेकवा. आधी उजळ हिरवा, मग त्याच ठिपक्यांच्या आत अगदी थोड्या ठिकाणी तपकिरी. हे सगळं छायाचित्रावर खूण केलेल्या वाटांवर, झाकणांच्या कडांवर आणि पेट्यांच्या कोपऱ्यांवर. टरेटच्या उंच बाजूंना कोणाचा पाय लागत नाही, तिथे काही करायची गरज नाही.

वॉशसाठी, म्हणजे सांध्यांत उतरवायच्या पातळ रंगासाठी, ऑइल कलर उत्तम. कॅमलच्या ट्यूबा कुठल्याही चांगल्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. रॉ अंबर, बर्न्ट अंबर, यलो ओकर, पांढरा आणि काळा पुरतात. रंग अर्धा तास पुठ्ठ्यावर काढून ठेवा. पुठ्ठा जवसाचं तेल शोषतो आणि रंग मॅट वाळतो. पातळ करायला गंधरहित टर्पेंटाइन घ्या. रंगाच्या दुकानातला एनसी थिनर चुकूनही वापरू नका, तो प्लॅस्टिक विरघळवतो. टर्पेंटाइनचंही डबकं कोपऱ्यात साठू देऊ नका, ताण असलेलं प्लॅस्टिक त्याने तडकतं.

रंगाच्या आठ-दहा पट टर्पेंटाइन घालून केलेला रॉ अंबरचा वॉश बारीक ब्रशने फक्त बोल्टांच्या बुडाशी आणि सांध्यांत टेकवा. पूर्ण रणगाड्यावर फासू नका. तो सांध्यातून स्वतःच धावतो. अर्ध्या तासाने टर्पेंटाइनमध्ये बुडवून निथळलेल्या ब्रशने सांडलेला भाग पुसा: उभ्या पृष्ठभागावर वरून खाली, सपाट पृष्ठभागावर आतून बाहेर.

ओघळांसाठी ऑइल कलरची केसाएवढी रेघ काढा आणि दोन्ही बाजूंनी ओल्या ब्रशने ती खात-खात बारीक करा. बसंतरच्या रणगाड्यावर ओघळ मोजके असावेत. डिसेंबरातला पंजाब साधारण कोरडा असतो; महिनोनमहिने पावसात उभ्या राहिलेल्या रणगाड्याचे लांब ओघळ इथे शोभत नाहीत. एका जागी मात्र हात सैल सोडा. पेट्रोल इंजिनाच्या सेंच्युरियनला इंधन वारंवार भरावं लागे. इंजिनाच्या झाकणांवरच्या इंधनाच्या तोंडांभोवती बर्न्ट अंबर आणि काळ्याचे पातळ, एकावर एक डाग द्या. जुने डाग फिके आणि मॅट, ताजा एखादा किंचित चमकता.

गंज

जास्तीत जास्त मॉडेलं इथेच फसतात. 1971 चं युद्ध पश्चिम सीमेवर 3 डिसेंबरला सुरू झालं. 16 तारखेचा रणगाडा तेरा दिवसांच्या मोहिमेतला आहे. आधीच्या तैनातीचे काही आठवडे धरले तरी रंगाखालचं चिलखत खोलवर गंजायला तेवढा वेळ पुरत नाही. उघडी पडलेली जागा तपकिरी होते, नारिंगी पापुद्रे धरत नाही.

गंज येतो तो उष्णतेने रंग जळतो तिथे, म्हणजे मागच्या मडगार्डांवरच्या सायलेन्सरवर. तिथे मनसोक्त काम करा. आधी गडद तपकिरी, मग स्पंजने नारिंगी-तपकिरीचे ठिपके, मग रंगीत खडूची पूड टर्पेंटाइनमध्ये भिजवून. ती वाळली की पोत येतो. नळीच्या तोंडाशी काजळीचा काळा रंग हलका द्या. याशिवाय ओढायचा पोलादी दोरखंड आणि पट्टे. बास.

जळालेल्या रणगाड्याची गोष्ट वेगळी. आगीत रंग आणि तेल दोन्ही जातात आणि उघडं पोलाद काही दिवसांतच उजळ नारिंगी होतं, चाकांचं रबर जळून खाली पांढरट राख उरते. लढाईनंतरचा रणगाडा दाखवायचा असेल तरच हे करा, आणि मग पूर्ण धाडसाने करा. एकाच रणगाड्यावर दोन्ही वेळा दाखवता येत नाहीत.

धूळ आणि चिखल

बसंतर ही रावीच्या खोऱ्यातली नदी. तिथली माती गाळाची, बारीक, फिकट करडी-पिवळसर. आपली काळी रेगूर किंवा कोकणातली जांभ्याची तांबडी माती त्या रणगाड्याला लावली तर जाणत्या डोळ्याला तो दुसऱ्याच प्रांतातला वाटेल. धुळीसाठी तयार पिगमेंट घ्या, किंवा फिक्या रंगाचे सॉफ्ट पेस्टल खडू वॉटर पेपरवर घासून पूड करा. खरी माती वापरायचीच असेल तर तव्यावर कोरडी भाजा आणि मलमलीतून गाळा. ही कामं करताना नाकावर मास्क हवाच.

धूळ सपाट जागी आणि कोपऱ्यांत साठते. माणसं वावरतात तिथून ती पुसली जाते आणि पट्टे ती मागे उडवतात. म्हणून मडगार्ड आणि हलची मागची भिंत सगळ्यांत जास्त धुळीची, टरेटचा माथा कमी. पेरिस्कोपच्या काचा स्वच्छ ठेवा, कारण त्यांतूनच चालक दल बाहेर बघतं आणि त्या ते पुसतंच. पूड कोरड्या ब्रशने बसवा आणि टर्पेंटाइनचा थेंब जवळ टेकवून पसरू द्या. ओली असताना ती गडद दिसते, वाळल्यावर फिकी होते. पूर्ण वाळेपर्यंत दुसरा थर देऊ नका.

हा रणगाडा रात्री नदीचं पात्र ओलांडून आलेला आहे. त्यामुळे खाली ओल आणि वर धूळ अशी दोन वयं एकत्र दिसायला हवीत. पिगमेंट, थोडं प्लॅस्टर ऑफ पॅरिस आणि पाणी घातलेलं फेविकॉल यांचा दाट लगदा करा. पहिला थर फिका, चाकांच्या आतल्या बाजूला आणि हलच्या खालच्या भागात. तो वाळल्यावर दुसरा थर गडद, कमी जागेत, अधिक खाली. सगळ्यांत शेवटी पट्ट्यांच्या खाचांत आणि चाकांच्या कडांवर थोडं ग्लॉस वॉर्निश मिसळलेला ओला चिखल. शिंतोड्यांसाठी ब्रश भरून टूथपिकवर झटका, पण आधी वरचा भाग कागदाने झाका. शिंतोडे पुढून मागे आणि खालून वर जातात. उलट दिशेचा एक शिंतोडाही लगेच डोळ्यांत भरतो.

शेवटी धातू. 6बी पेन्सिलचं ग्राफाइट बोटावर घ्या आणि पट्ट्याच्या जमिनीला टेकणाऱ्या कडांवर, दात्यांच्या टोकांवर, झाकणांच्या मुठींवर घासा. सेंच्युरियनच्या चाकांना रबर असल्यामुळे पट्ट्याच्या आतल्या बाजूला आरशासारखी चमक येत नाही, ती गुळगुळीत आणि गडद राहते. शेवटच्या काळातल्या जर्मन टायगर रणगाड्यांची चाकं पोलादी कडांची होती; तिथे आतही चमक द्यावी लागते. पेन्सिल एकच, पण ती कुठे घासायची हे चाक सांगतं.

सामान आणि समाप्ती

चार माणसं या रणगाड्यात राहत होती. टिश्यू पेपर पातळ फेविकॉलमध्ये भिजवून ताडपत्री करा, एम-सीलच्या पातळ लाटीची वळकटी वळा, तांब्याच्या बारीक तारा पिळून दोरखंड करा. मात्र बांधलेलं सामान कशाला तरी बांधलेलं असू द्या. पट्टा आणि हुक नसलेली वळकटी खऱ्या रणगाड्यावरून पहिल्याच बांधावर खाली पडली असती. सामानावरही धूळ द्या, हलवर दिलेलीच.

थांबायचं कधी हे ठरवायला एक चाचणी आहे. मॉडेल दोन दिवस झाकून ठेवा. मग चांगल्या उजेडात, एकेका डागावर बोट ठेवून त्याचं कारण मोठ्याने सांगा: लोडर इथून चढतो, पेट्रोल इथे सांडतं, नदीचं पाणी इथवर आलं. ज्याचं कारण सांगता येत नाही तो डाग मूळ रंगाने झाका. तंत्राचा नवा प्रयोग करायचा असेल तर जुन्या, मोडक्या मॉडेलच्या हलवर करा. असा एक हल प्रत्येकाने टेबलावर ठेवावाच.

पूर्ण झालेलं मॉडेल लाकडी पाटावर बसवा आणि त्यावर रेजिमेंट, ठिकाण आणि तारीख लिहा. अॅक्रिलिकच्या पेटीत, थेट ऊन लागणार नाही असं ठेवा. घरातली धूळ मापात बसत नाही आणि चिखलावरून ती नीट निघतही नाही. घरी मुलं असतील तर पेटीशेजारी त्या लढाईचा नकाशा लावा. रणगाडा चिखलाने का माखला आहे हे ती विचारतील. त्यांना नदी दाखवा, तारीख दाखवा आणि एकवीस वर्षांच्या त्या अधिकाऱ्याचं नाव सांगा.